रेस दिली की गाडी दम टाकते? पार्ट बदलायच्या आधी लक्षण वाचा



आज पिकावर लिहीत नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीवर लिहितोय. आपल्या आरेच्या पाड्यांवर आता बैलगाडी राहिली नाही. भेंडी, शिराळी, काकडी, अळू, जे काय निघतं ते पहाटे मोटरसायकलवर बांधून गोरेगावच्या बाजारात जातं. खताची गोणी, पंप, डिझेलचा कॅन सगळं त्याच गाडीवर येतं. म्हणजे गाडी आता अवजारच झाली, नांगर-कुळवासारखं. आणि अवजार बिघडलं की शेतकऱ्याचा दिवस जातो.

गेल्या दोन-तीन वर्षांत बघतोय, पोरांच्या गाड्यांत एकच तक्रार. "काका, रेस दिली की गाडी अडखळते." कुणाची झटका मारते, कुणाची चढाला दम टाकते, कुणाची रेस सोडली की फटाके फोडते. आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत काहीतरी बदललेलं असतं. सायलेन्सर काढून मोकळी पुंगळी लावलेली, फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर बसवलेला, कुठे दुसऱ्याच गाडीचा मोठा कार्बोरेटर.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. गाडीत बदल केला हा अर्धा बिघाड. उरलेला अर्धा बिघाड आपण रोग न ओळखता पार्ट बदलत सुटतो त्याचा. शेतात आपण हेच करतो आणि फसतो. पान पिवळं पडलं की दुकानदार तीन बाटल्या देतो, एक बुरशीची, एक किडीची, एक टॉनिक. पीक सुधारलं तर कशाने ते कळत नाही, नाही सुधारलं तर चौथी बाटली. गॅरेजमध्येही तेच चाललंय. प्लग बदल, कॉइल बदल, सीडीआय बदल, कार्बोरेटरची किट टाक. पैसे गेले आणि गाडी तशीच.

चांगला कृषी अधिकारी बांधावर आला की आधी काय विचारतो? खालची पानं पिवळी का वरची? शिरा हिरव्या राहिल्या का? सगळ्या शेतात आहे का पाणी साचतं तिथेच? गाडीलाही हेच प्रश्न विचारायचे असतात. किती रेसला अडखळते? थंड असताना का तापल्यावर? ओझं असताना का रिकामी? पावसात का उन्हात?

थोडं इंजिनाच्या श्वासाबद्दल

मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण साधा हिशोब आपल्यालाही करता येतो.

आपली नेहमीची १०० सीसीची गाडी घ्या, खरं माप ९७.२ सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा आत घेतं. ६,००० आरपीएमला, पूर्ण रेस उघडी असताना, मिनिटाला ३,००० वेळा म्हणजे सेकंदाला ५० वेळा श्वास. ९७.२ गुणिले ३,००० केलं तर मिनिटाला साधारण २९० लिटर हवा होते. प्रत्यक्षात थोडी कमी जाते, पण अंदाज घ्या: आपला १६ लिटरचा पाठीवरचा पंप मिनिटाला १८ वेळा रिकामा करावा तेवढी.

आता या हवेत पेट्रोल किती लागतं? एक किलो पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला ९,००० लिटरच्या आसपास हवा. ओझं ओढताना पेट्रोल यापेक्षा थोडं जास्त लागतं, निवांत चालताना कमी चालतं. पण हे प्रमाण फार हललं की इंजिन कुरकुर करतं. हवा जास्त, पेट्रोल कमी झालं की गाडी अडखळते, तापते, रेस सोडल्यावर फटाके फोडते. पेट्रोल जास्त झालं की गाडी जड वाटते, काळा धूर टाकते, प्लगवर काजळी धरते, ॲव्हरेज पडतं.

कंपनी जेव्हा गाडी बनवते तेव्हा फिल्टरचा डबा, कार्बोरेटरचे जेट आणि सायलेन्सर हे तीन एकमेकांना धरून बसवलेले असतात. डबा म्हणजे नुसता प्लास्टिकचा खोका नाही. तो आत शांत, ठरलेली हवा साठवून ठेवतो. तुम्ही डबा काढून उघडा फिल्टर लावला आणि पुंगळी मोकळी केली की हवेचं गणित बदललं. जेट मात्र जुनाच. खत तेवढंच ठेवून क्षेत्र वाढवल्यासारखं झालं. आणि मग आपण विचारतो, पीक पिवळं का?

कुठल्या रेसला अडखळते ते आधी बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही.

मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर दुसरा. रेस बंद असताना एक खूण, पूर्ण उघडी असताना एक खूण, मध्ये पाव, अर्धी, पाऊण. आता रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी चालवून बघा, नेमकी कुठल्या खुणेला अडखळते. मागे कोणी बसलेला असेल तर त्याला बघायला सांगा, चालवणाऱ्याने नजर रस्त्यावरच ठेवायची.

साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये प्रत्येक खुणेचा मालक वेगळा असतो.

रेस बंद ते साधारण आठवा भाग: स्लो जेट, म्हणजे पायलट जेट, आणि बाजूचा स्क्रू.
आठवा भाग ते पाव: स्लाइडला खालून जो तिरका काप असतो तो.
पाव ते पाऊण: पिन, म्हणजे नीडल, आणि ती ज्यात बसते ती नळी.
पाऊण ते पूर्ण: मेन जेट.

या हद्दी सुरीने कापल्यासारख्या नसतात, एकमेकांत थोड्या मिसळतात. पण याने काम सोपं होतं. पूर्ण रेसला गाडी मस्त पळते आणि सुरुवातीलाच अडखळते, तर मेन जेट बदलून काय उपयोग? वरच्या पानाचा रोग आणि मुळाला औषध.

बाजूच्या स्क्रूबद्दल एक खुणगाठ बांधून ठेवा. तो कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा स्क्रू, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. दोघांचं काम उलटं. एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला लावून पोरं इथेच घोटाळा करतात. हात लावण्याआधी स्क्रू हळूच आत बसेपर्यंत फिरवून किती फेरे होते ते लिहून ठेवा, म्हणजे परत तिथे येता येईल.

दुसऱ्या काही गाड्यांत, जास्त करून १५० सीसीच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत, स्लाइड वायरने उचलली जात नाही. वायर फक्त झडप उघडते आणि स्लाइड इंजिनाच्या ओढीने वर जाते. तिच्यावर रबराचा पातळ पडदा असतो. त्या पडद्याला सुईएवढं भोक पडलं तरी गाडी जागेवर ठीक चालते आणि रेस दिली की वर जातच नाही. उघडा फिल्टर या कार्बोरेटरला आणखी त्रास देतो, कारण डब्यातली शांत हवा गेली की पडद्यावरचा दाब हलतो. पडदा उजेडासमोर धरून हलकेच ताणून बघा, भोक असेल तर दिसतं.

फुकटच्या तपासण्या आधी

गॅरेजला जाण्याआधी घरच्या अंगणात या गोष्टी बघा. यांना पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात.

१) एक्सलेटरची वायर. मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरत असावी, नेमकं माप आपल्या गाडीच्या पुस्तकात असतं. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर जागेवरची रेस वाढली तर वायर ताणलेली आहे किंवा चुकीच्या बाजूने नेली आहे. लांब-आखूड हँडल बसवलेल्या गाडीत हा प्रकार हमखास. मूठ सोडल्यावर झटकन परत येत नसेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका.

२) टाकीचं झाकण. झाकणाला बारीक श्वासाचं भोक असतं. ते चिखलाने बुजलं की गाडी दोन-चार किलोमीटर बरी चालते, मग दम टाकते. थांबून झाकण उघडलं की परत बरी. असं होत असेल तर रोग झाकणात आहे, कार्बोरेटर उघडू नका.

३) पेट्रोल कॉक. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धार बघा. धार सलग पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी चोंदली आहे. हे इंजिन थंड असताना करा, बिडी-सिगारेट लांब ठेवा.

४) फिल्टर. १९४९ साली मुंबईतले तबेले इथे हलवायला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, ते तबेले आजही आहेत. सुक्या चाऱ्याचं कुसळ, भुसा, रस्त्याची धूळ यात आपली गाडी रोज फिरते. कंपनीच्या पुस्तकातली फिल्टर बदलायची मुदत आपल्याला लांब पडते, आपण आधीच बदलायचा. आणि ज्या गाडीला तेल लावलेला कागदी फिल्टर असतो तो हवा मारून साफ करायचा नसतो, सरळ बदलायचा असतो.

५) कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधला जोड. तिथलं रबर किंवा रिंग चिरली की चोरून हवा आत जाते. ही तपासणी आपल्या हातातल्या पंपानेच होते. स्वच्छ पाण्याचा छोटा स्प्रे घ्या. तणनाशकाचा पंप चुकूनही वापरू नका. गाडी जागेवर चालू ठेवा आणि त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला म्हणजे पाण्याने फट बुजली, म्हणजे तिथे फट आहे. काही लोक या कामाला पेट्रोल फवारतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला बोलावणं, तसं करू नका.

६) चोक. ज्या खुणेला गाडी अडखळते तिथे मूठ स्थिर धरून चोक किंचित ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. एवढ्या एका तपासणीने अर्धा निकाल लागतो.

७) प्लगचा रंग. पांढरट, भाजल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ. काळी काजळी म्हणजे जास्त पेट्रोल. विटकरी-कॉफीसारखा म्हणजे ठीक. मात्र हल्लीच्या पेट्रोलने रंग धरायला वेळ लागतो, फिकाही दिसतो. म्हणून नुसत्या प्लगवर निकाल देऊ नका, चोकची तपासणी सोबत ठेवा.

आणि एक, हे कार्बोरेटरचं दुखणंच नसेल तर? रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, म्हणजे क्लच घसरतोय. मधल्या स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. दोन फेरे मोकळं फिरत नसेल तर ब्रेक धरतोय किंवा चेन फार कसलेली आहे. त्याला कोणी "पिकअप गेला" म्हणतो आणि कार्बोरेटर खोलतो.

एक उदाहरण

माझ्या पुतण्याची गाडी, कार्बोरेटरवाली १०० सीसी. उघडा फिल्टर आणि मोकळी पुंगळी लावलेली. भाजीचे दोन क्रेट बांधले की चढाला अडखळायची, उतारावर रेस सोडली की फटाके. एका गॅरेजने प्लग आणि कॉइल बदलली. दुसऱ्याने कार्बोरेटरची किट टाकली आणि जागेवरची रेस वाढवून दिली. गाडी उभी असताना छान वाजायची, ओझ्याला परत तेच.

आम्ही मुठीवर पट्टी लावली. अडखळणं दोन ठिकाणी निघालं. एक अगदी सुरुवातीला, दुसरं पाव ते पाऊणच्या मध्ये. दोन्हीकडे चोक ओढला की सुधारायची. प्लग पांढरट. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, हे नक्की. पण हवा कुठून जास्त?

पाण्याचा फवारा मारला तर इंजिनाकडच्या जोडावर आवाज बदलला. आतली रबरी रिंग चपटी झाली होती. किट टाकताना ती कोणी बघितलीच नव्हती. रिंग बदलली, दुसरं काही हलवलं नाही, गाडी चालवून बघितली. सुरुवातीचं अडखळणं गेलं, मधलं राहिलं. मग जुना फिल्टरचा डबा माळ्यावरून काढून बसवला. परत चालवली. मधलंही गेलं. शेवटी मूळ सायलेन्सर लावला, फटाके बंद झाले.

म्हणजे दोन वेगळे रोग एकाच गाडीत होते आणि लक्षण एकसारखं दिसत होतं. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या असत्या तरी गाडी बरी झाली असती, पण रिंगचा रोग वेगळा होता हे कधीच कळलं नसतं. रिंग काही रुपयांची. त्याआधी गेलेले पैसे हजारांत.

म्हणून माझा हट्ट आहे, एका वेळी एकच बदल. बदल केला की चालवून बघा, वहीत लिहा, मग पुढचा. शेतात आपण एका वाफ्याला खत देऊन दुसरा तसाच ठेवतो आणि फरक बघतो, तसंच. आणि काढलेला मूळ पार्ट कधी विकू नका. तो परत लावून बघता येणं हीच सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

इंजेक्शनवाली गाडी असेल तर

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि आपल्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. इथे पेट्रोल किती द्यायचं ते छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. मूठ किती उघडली ते एक सेन्सर सांगतो, सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळणाचा हालहवाल सांगतो.

पोरांना वाटतं, कॉम्प्युटर आहे, तो सगळं सांभाळून घेईल. थोडंफार सांभाळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. पुंगळी बसवताना सेन्सरच्या आधीचा जोड सैल राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. खोटी माती दाखवून माती परीक्षण केल्यासारखं. अहवाल बरोबर, नमुना चुकीचा.

या गाड्यांत आधी मीटरवरचा इंजिनाचा दिवा बघा. गाडी चालू झाल्यावरही तो राहिला किंवा लुकलुकत असेल तर गाडी स्वतःच तक्रार सांगतेय. पुस्तक बघा किंवा ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याच्याकडे जा. बॅटरी कमजोर असली तरी पंप आणि सेन्सर गडबडतात, म्हणून बॅटरीची टोकं आधी घासून घट्ट करा. जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न लावताना मूळ वायर सोलून जोड दिलेला असेल तर तोही संशयित. आणि तबेला धुवायच्या जोरदार पाण्याने गाडी धुवू नका. ते पाणी सेन्सरच्या जोडांत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी रेस अडखळते.

पेट्रोलला किती दोष द्यायचा

हल्ली काहीही झालं की "इथेनॉलमुळे" म्हणायची पद्धत पडली आहे. आपण शेतकरी आहोत, ऊस आणि मका पिकवणाऱ्या भावांचा पैसा त्यात आहे, म्हणून यावर नीट बोललं पाहिजे. उगाच बाजू घ्यायची नाही आणि उगाच शिव्याही द्यायच्या नाहीत.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो इथेनॉलला ९ किलोच हवा लागते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. जुन्या कार्बोरेटरचा जेट नुसत्या पेट्रोलच्या हिशोबाने बसवलेला, म्हणून गाडी थोडी पातळ चालते. नुसत्या या कारणाने धडधाकट गाडी सहसा बंद पडत नाही. पण आधीच उघडा फिल्टर लावून पातळ केलेली गाडी असेल तर ही शेवटची काडी ठरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी धरतं. आपल्याकडचा पाऊस, झाकणाचं जुनं रबर, अर्धी रिकामी टाकी. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि कॉक तळालाच असतो. पावसाळ्यात सकाळी गाडी अडखळत असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाला वेगळा थर दिसला तर उत्तर मिळालं. महिनोन्महिने उभी ठेवायची गाडी असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. जुन्या गाडीच्या नळ्या, रिंगा कडक झाल्या असतील तर बदला.

म्हणजे पेट्रोलचा वाटा आहे, पण तोही तपासून ठरवायचा. बिनतपासता दोष देणं म्हणजे पाऊस कमी झाला म्हणून बियाण्याला नावं ठेवणं.

मग बदल करूच नये का?

तसं नाही म्हणत मी. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी या शेतकऱ्याने १९९४ च्या सुमाराला बुलेटचं मागचं चाक काढून तिथे कोळपणी-पेरणीची अवजारं जोडली. 'बुलेट सांती' म्हणून ते यंत्र देशभर माहीत झालं. तो बदलच होता. पण त्याच्यामागे काम होतं, बैल परवडत नव्हते आणि ट्रॅक्टर आवाक्यात नव्हता. कामासाठी केलेला बदल आणि आवाजासाठी केलेला बदल यात फरक आहे.

रस्त्यावरच्या गाडीला कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेली मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाच हजार म्हणजे आपल्या भेंडीचे किती तोडे, हिशोब करा.

पण माझी खरी काळजी दंडाची नाही. आरेचा रस्ता आपल्या २७ पाड्यांचा गावरस्ता आहे आणि त्याच वेळी गोरेगाव-पवई-मरोळची सगळी रहदारी त्यावरून धावते. पहाटे अंधार, पावसात खड्डे, कधी बिबट्या आडवा. मागे साठ किलो माल बांधलेला. चेकनाक्याला हायवेवर शिरताना तुम्ही मूठ पिळली आणि गाडी एक सेकंद गप्प राहिली, तर मागून येणारा टेम्पो तो सेकंद तुम्हाला देणार नाही. रेस अडखळणं हा पिकअपचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे. ज्या पोराच्या गाडीवर घरची भाजी जाते त्याच्या आईला विचारा, तिला पुंगळीचा आवाज हवा का पोरगं वेळेत परत यायला हवं.

पोरांना माझं सांगणं एवढंच. कामाच्या गाडीला हवा, जेट आणि सायलेन्सर मूळचे ठेवा. पैसे खर्चायचेच असतील तर चांगला टायर, चांगले ब्रेक, नवी चेन-स्पॉकेट यावर खर्चा. गाडी मोकळी वाटायला लागेल, बघा.

आणि गॅरेजवाल्या भावांना हात जोडून विनंती. गिऱ्हाईक आलं की पान्याच्या आधी प्रश्न विचारा. किती रेसला, थंड का गरम, ओझं का रिकामी. पाच मिनिटं जातील, पण गिऱ्हाईक आयुष्यभर टिकेल. आपल्यालाही तेच लागू. गाडी नेताना "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. "पाव ते अर्ध्या रेसला अडखळते, चोक ओढला की सुधारते, फवारा मारला तर आवाज बदलत नाही" असं सांगा. एवढं सांगणाऱ्याला कोणी उगाच कॉइल विकत नाही.

पाऊस उघडला की भेंडीवरच्या हळद्या रोगाबद्दल लिहिणार आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच येणार आहे, नवीन पानं आधी पिवळी का जुनी? तोपर्यंत तुमच्या गाडीला पट्टी लावून बघा आणि कुठल्या खुणेला अडखळते ते कळवा.